आज ओट्यावर सुपं विकली गेली

मंडळी, आज सकाळी चंद्रपुरात आमच्या दारावर सुपं विकणारी बाई आली आणि मला माझी माय आठवली.

पन्नासच्या दशकात आम्ही एटापल्लीला होतो. माय बाजाराच्या दिवशी तिथल्या, बांबूची सुपं विणणाऱ्या बुरडीणबाईला आमच्या ओट्यावर बसवायची अन् येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना थांबवायची. "माह्यं सूप पाहा बाई, चार वर्षांत एक काडी निघाली नाई!" दुपारपर्यंत सगळी सुपं विकली जायची.

आज मीही म्हटलं, "बाई, इथीच ओट्यावर सावलीत बसा."

"काऊन? तुमाले तरास नाई होणार?"

मी शेजारणींना फोन केले. चौघी आल्या, चौघींनी सुपं घेतली. ती हसत गेली.

हे मायला सांगायचं होतं. तुमच्या दारावर कोण येतं? त्याच्यासाठी दोन शब्द बोलाल?