घड्याळाचा पहारा

काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या. माझी फजिती ऐकून तुम्हाला हसू येईल, मला मात्र ती सांगतानाच दम लागतो. हल्ली कशानंही लागतो म्हणा. मूळ भानगड तीच तर आहे.

साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालो आणि सांगलीत विश्रामबागेतल्या घरी निवांत पसरलो. पोट पुढं आलं. मग पुण्याच्या आमच्या लेकीनं, प्राजक्तानं, जागच्या जागी चालवायची सायकल पाठवली आणि व्यायाम मोजणारं घड्याळ स्वतः येऊन माझ्या मनगटावर बांधलं.

"बाबा, सगळं माझ्या फोनवर दिसणार. घड्याळ काढायचं नाही, नोंदीत खंड पडतो. महिनाभर नीट व्यायाम दिसला नाही, तर पुण्याला नेणार. कायमचं!"

पुण्याला! अकराव्या मजल्यावर! तिथं मी दिवसभर काय करू, लिफ्टची बटणं दाबू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकलवर चढलो. घामाच्या धारा, गुडघे कुरकुरतायत, आणि घड्याळ थरथरलं. वाटलं, शाबासकी देतंय. बघतो तर काय, 'बराच वेळ बसून आहात. उठा, जरा चाला!'

अहो, मरायला टेकलो होतो मी!

आमची ही पलूसची. दारातून म्हणाली, "आवं, त्याचं काय चुकलं? बसल्यालंच हायसा की तुमी."

बरं, घामानं मनगटाला खाज सुटली. घड्याळ तर काढायचं नाही. करणार काय? आमच्या गावाकडं हरिनामाचा सप्ताह बसतो, तेव्हा वीणा खाली टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात. झालं, मला युक्ती सुचली!

"अगं, मी आंघोळ करून येतो, तोवर तू घाल. खंड नको पडायला."

तिनं घातलं आणि भाकऱ्या थापायला बसली. माझी आंघोळ झाली, मग पेपर, मग डुलकी. दुपारी लेकीचा फोन.

"बाबा, कमाल केलीत! पावलं केवढी दिसतायत!"

मी काय समजलो, सांगू? घड्याळ नोंद उशिरा चढवतं. आमच्या कारखान्यात नाही का, ऊस काट्यावर सकाळी यायचा आणि नोंद व्हायची दुपारी!

मग काय, हाच नेम. सायकलवरून उतरलो की घड्याळ हिच्या हातात. हळूहळू पायडल मारणं सैल पडलं. पुढं पुढं तर सीटवर बसून नुसता पेपर वाचायचो, तरी रोज शाबासकी. वाटलं, अंगाला सवय झाली.

आणि एक दिवस पलूसहून मेहुणा टेंपो भरून माणसं घेऊन आला. त्याच्या पोरासाठी सांगलीतच मुलगी बघायची होती. मला बघून म्हणाला, "दाजी, लय बारीक झालायसा!" मी पोट आत ओढलं, आणि दमून आडवा झालो.

तिकडं प्राजक्ताच्या फोनवर काय दिसत होतं? बाप सकाळपासून थांबायलाच तयार नाही! तिनं मला फोन लावला, मी घोरतोय. आईला लावला, आईचे हात पिठात. पोरीनं तडक गाडी काढली.

संध्याकाळी ती धापा टाकत घरात शिरली आणि मला गदागदा हलवलं. "बाबा! बरे आहात ना?"

मी जांभई दिली. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, थाप थाप थाप. हिच्या मनगटावर पिठानं माखलेलं घड्याळ, आणि प्रत्येक थापेला आकडा पुढं.

प्राजक्तानं फोनकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हणजे महिनाभर हे सगळं आईनं केलं?"

ही बिचारी गोंधळली. "मला वाटलं, संबाळायला दिलंय."

मग लेकीनं समजावलं. चढण्याआधी घड्याळात सायकलीचं चित्र दाबायचं, उतरल्यावर बंद करायचं. नाहीतर हँडलवरचा हात हलत नाही, घड्याळाला वाटतं माणूस बसलाय. भाकरी थापताना हात हलतो, ती प्रत्येक थाप ते पाऊल धरतं. मी मान खाली घालून ऐकलं. आकडा हिचा आणि शाबासकी मी घेत होतो, फार लाज वाटली हो.

सकाळी बॅग भरलेली दिसली. "प्राजू, मी नाही येणार पुण्याला!"

"तुम्हाला कोण नेतंय? विश्रांतीची गरज आईला आहे."

आणि ही? वाटलं, नको म्हणेल. ती तर आधीच गाडीत जाऊन बसली होती, पुढच्या सीटवर!

तर आता मी सांगलीतच आहे. जिंकलो म्हणायचं. रोज चित्र दाबून सायकल मारतो. नोंद अगदी बरोबर होते, आणि अगदी थोडीच होते.

काल लेकीचा फोन आला. "बाबा, आज पावलं भरपूर दिसतायत. भाकऱ्या केल्यात वाटतं?"

"हो."

"एवढ्या? किती केल्यात?"

"एक."