दशमीची भरती

उरणकडच्या चांगदेव घरताला एक खोड होती. तारीख दिसली की तिची तिथी काढायची आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. बाप मिठागरात राबलेला, त्याने पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं. आता चांगदेवाने सत्तरी ओलांडली, मिठागराच्या जागी कंटेनरचं यार्ड आलं, तरी लग्नपत्रिका हातात पडली की हा आधी भरती काढणार. बायको म्हणायची, "मांडवात काय होडी घेऊन जायाचं हाय?"

नोकरी त्याची एका सरकारी दप्तरखान्यात झाली. साहेबांच्या काळातलं किरटं इंग्रजी वाचणारा पंचक्रोशीत तोच, त्यामुळे कॉलर कायम ताठ. गावाबाहेर खाडीवर दीडशे वर्षांचा मातीचा बांध आहे, विल्यम ट्रेंट नावाच्या इंजिनिअरने घातलेला. तीस वर्षांपूर्वी चांगदेवाने त्या नावाचे सगळे कागद गोळा केले आणि एकाच रुमालात बांधले. त्यात एक पत्र निघालं. गावाचं नाव नाही, पण तारीख होती, खाली ट्रेंटची सही होती. 'दुपारी बारा वाजता ऐन भरतीत बांध फुटला. मुकादम झोपला होता.' हा गडी इतका हरखला की भर बैठकीत ते वाचून मोकळा झाला.

आपल्या बांधाचा मुकादम होता रावजी. दर कार्तिकात बांधाची डागडुजी निघते तेव्हा चिखलाची पहिली ढेप त्याच्या घराने ठेवायची, असा मान पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. पत्र ऐकून गाव म्हणालं, झोपा काढणाऱ्याच्या घराला कसला आलाय मान? आणि तो दिला कुणाला, तर शिकल्यासवरल्या चांगदेवाला! रावजीचा पणतू, म्हणजे सखुबाईचा नवरा, त्यानंतर मरेपर्यंत बांधावर फिरकला नाही.

यंदा सरपंच कल्पिता म्हणाली, "भाऊ, बांधावर बोर्ड लावायचाय, माहिती लिहून द्या. मुकादम झोपल्याचं पण टाका, पब्लिकला मजा येते."

सखुबाईच्या कानावर हे गेलं. ऐंशीची म्हातारी काठी टेकत चांगदेवाच्या ओट्यावर आली. "चांगदेवा, मान गेला तो गेला. पर बोर्डावं नको लिवू रं. माझी नातवंडं रोज तिथून जातात."

"काकी, कागदात हाय तेच मी लिवणार," चांगदेव म्हणाला. ताठा अजून होताच.

ती गेली आणि हा लिहायला बसला. पत्राच्या नकलेवरची तारीख उतरवताना खोडीप्रमाणे मोबाइलवर तिथी काढली. दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती सकाळी साडेसातला. मग बाराला ऐन भरती कुठून आली? बाराला तर खाडीत चिंबोऱ्या धराव्यात इतकं पाणी उतरलेलं असणार! त्याने तीनदा हिशेब केला, तरी साडेसातच. तीस वर्षं लोकांच्या लग्नाच्या भरत्या काढल्या, पण हरखण्याच्या भरात या एका तारखेची काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरखाना गाठला. दोन दिवस बसून रुमालातला एकेक कागद सहीप्रमाणे वेगळा केला. एका ट्रेंटची सही ऐसपैस, दुसऱ्याची अंग चोरलेली. अंग चोरलेल्या सहीचे बाकी सगळे कागद खंभातच्या आखातातले, जिथे भरतीची वेळच निराळी. दोन माणसं, एक नाव, एकच धंदा, तीच वर्षं. आपल्या ट्रेंटच्या कागदांत बांध फुटल्याचं अक्षर नव्हतं. रावजीचंही नाव नव्हतं. नाव एक म्हणून माणूस एक धरला, तो चांगदेवानेच. रुमालाची गाठ त्याच्याच हाताची होती.

कार्तिकात सगळं गाव बांधावर जमलं. कुणीतरी पहिली ढेप चांगदेवाच्या हातात दिली. त्याने ती ठेवली नाही. आधी सगळं सांगितलं, दोन ट्रेंट, दशमी, भरती. "चूक माझी हाय. मान माझा न्हाय."

"आता एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं?" कुणीतरी पुटपुटलं.

चांगदेव सखुबाईपुढे जाऊन उभा राहिला आणि ढेप पुढे केली. म्हातारीने ती घेतली नाही, नुसतं बोट लावून पाहिलं.

"कोरडी हाय. नीट मळ."

चांगदेवाने पायजमा खोचला, खाली चिखलात उतरला आणि सगळ्यांदेखत ढेप पुन्हा मळली. मग सखुबाईने ती दोन्ही हातांनी घेतली. "त्यांच्या हातनं ठेवायची व्हती रं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. चांगदेवाची मान वर होईना. तिने ढेप बांधावर ठेवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली.

"काकी, बोर्डावर काय लिवू?" चांगदेवाने हळूच विचारलं.

"मुकादम रावजी. बास." पदराला हात पुसत ती काठी शोधू लागली. "आणि साहेब कंचा, त्यो मातुर नीट बघून लिव."