उपवासाचा डबा

माझ्या थोरल्या बहिणीला, तिच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, भर एकादशीला, मी स्वतःच्या हाताने दारू खाऊ घातली. पाजली नाही. खाऊ घातली.

आक्का माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ पडून तिला चाळीस वर्षे झाली. मनमाडच्या तिच्या घराचा उंबरठा कांदा-लसूणसुद्धा ओलांडत नाही. मी मात्र कधी उपवास केला नाही. आई गेली तेव्हा रामकुंडावर दहाव्याच्या विधीला बसायला मी नकार दिला. "जे मला पटत नाही त्याचे नाटक मी करणार नाही," असे चारचौघांत सांगितले. आक्का म्हणाली, "मग आजपासून तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य." ती शब्दाची पक्की. नऊ वर्षे फिरकली नाही. (मीही बोलावले नाही. आम्ही सख्खी भावंडे आहोत.)

आता दारूकडे येतो. माझी सून मृणाल अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढते आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग करते. गेल्या उन्हाळ्यात तिने मोबाइलवर पाहून रम घातलेली आंब्याची कुल्फी केली. ती तीन दिवस गोठली नाही. चौथ्या दिवशी मी कारण विचारले, तेव्हा दारू जास्त झाली की बर्फ धरत नाही, ही माहिती मला मिळाली. आणि घरात रम आहे, ही दुसरी. मी फर्मान काढले : या फ्रिजमध्ये दारू मला दिसता कामा नये.

"बाबा, नाशकात राहून वाइनला पण दारूच म्हणणार का?" माझा मुलगा निखिल म्हणाला. "तो शेतमाल आहे."

"मग शेतात ठेव."

मृणालने वाद घातला नाही. तिने माझे ऐकले, असे मला वाटले. तिने शब्दशः ऐकले होते. त्यानंतर दारू मला दिसली नाही.

वैशाखातल्या एकादशीला दुपारी एक वाजता बेल वाजली. दारात आक्का उभी. उन्हाने लाल झालेली, खांद्याला पिशवी.

"पंचवटीत दर्शनाला आले होते. पाय दुखले म्हणून टेकायला आले. गैरसमज नको."

"नाही. पाणी?"

ती पेल्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग प्यायली. मी पंखा वाढवला. (भावना व्यक्त करण्याची माझी मजल एवढीच.) ती सत्त्याहत्तर, मी बहात्तर. आणखी नऊ वर्षे रुसण्याइतका वेळ दोघांपैकी कोणाकडेच नव्हता. तिला पुन्हा दुखवायचे नाही, एवढेच मी ठरवले.

घरात मी एकटा होतो आणि उपवासाला काय चालते याचे मला ज्ञान नाही. फ्रीजर उघडला. अगदी मागे एक डबा होता. त्यावर मृणालच्या अक्षरात चिठ्ठी : 'उपवासाचे'. मी तीस वर्षे कारखान्यात माल तपासनीस होतो. चिठ्ठीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळत असे. त्या दिवशी मी विश्वास ठेवला!

आत काडीला गोठवलेल्या जांभळ्या कांड्या होत्या.

"हे काय रे, मधू?"

"द्राक्षाचा रस. उपवासाचा आहे. तसे लिहिले आहे."

तिने चाखली. "कडवट लागतंय जरा."

"काळी द्राक्षे असणार. सालीसकट." (ज्यातले काही कळत नाही, त्यावर मी नेहमीच ठामपणे बोलतो.)

मला मधुमेह, म्हणून मी हात लावला नाही. ती सकाळपासून उपाशी, उन्हातून आलेली. एक संपवली, दुसरी मागितली. तिसरी मी आग्रह करून दिली. आयुष्यात प्रथमच मी कोणाला आग्रह केला.

तिसरी निम्मी झाली आणि आक्का हसू लागली.

"दहाव्याला तुझं तोंड कसलं झालं होतं रे! गुरुजी तुझ्याकडे बघून मंत्र विसरले."

"विसरले नव्हते. गाळले."

"गप रे. आईला तू असाच आवडायचास, माहितेय? म्हणायची, मधू माझा दगड आहे, पण खोटा नाही." मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सगळे केस गेले की रे, माकडा."

आईचे ते वाक्य मला बहात्तर वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी उठून खिडकीचा पडदा सारखा केला. तो आधीच सारखा होता. वळून पाहतो तो आक्का सोफ्यावर कलंडून घोरत होती.

पाच वाजता मृणाल आणि निखिल आले. बशीतल्या काड्या पाहून मृणालचा चेहरा उतरला.

"बाबा, हे कोणी खाल्लं?"

"आक्काने. तीन."

तिने मला स्वयंपाकघरात नेले. "त्यात वाइन आहे. आणि थोडी वोडका."

"वर 'उपवासाचे' लिहिले आहेस!"

"उपवासाच्या गोष्टींना तुम्ही हात लावत नाही म्हणून. बाबा, या घरात तुमच्यापासून सुरक्षित अशी तेवढीच जागा होती."

निखिल हळू आवाजात म्हणाला, "आत्याला सांगू नका. माळ मोडली म्हणून जन्मभर झुरेल. आणि इथे परत पाऊल टाकायची नाही."

तेवढ्यात आक्का जागी झाली. "डोकं जड झालंय रे. ऊन बाधलं वाटतं."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. रामकुंडावर नाटक करायला नकार देणारा तो मीच.

"हो," मी म्हणालो. "ऊन फार आहे यंदा."

निघताना ती म्हणाली, "पुढच्या एकादशीला येईन. त्या कांड्या ठेव."

ती आली. मृणालने नुसत्या द्राक्षरसाच्या कांड्या केल्या होत्या. तो रस मी समोर उभे राहून तपासला होता. आक्काने एक खाल्ली. "मागच्या खेपेची चव नाही."

"हंगाम संपला," मी म्हणालो.

मग आम्ही समोरासमोर बसलो. तिने मनमाडच्या नळाला पाणी केव्हा येते ते सांगितले. मी नाशिकच्या नळाचे सांगितले. पाऊण तास झाला आणि ती गाडीला निघाली. अशा तीन एकादश्या झाल्या. ती नेमाने येते, नेमाने जाते. आईचा विषय निघत नाही.

परवा मृणाल म्हणाली, "बाबा, चमचाभर घालू का? कळणार नाही त्यांना."

मी नकार दिला. आक्काच्या माळेचा मान राखायला हवा. शिवाय माझ्याशी मायेने बोलायला माणसाला तीन कांड्या लागतात, हे एकदा सिद्ध झाले आहे. फेरतपासणीची माझी तयारी नाही.