नोराचं ‘फार छान’

इंग्लंडातल्या व्हिटबी बंदराच्या धक्क्याजवळचं मासे-चिप्सचं दुकान नोरा स्टोरनं नवऱ्यामागं एकटीनं चालवलं. हॅडक मासा, कातडी सोललेला, पातळ पिठात बुडवून बैलाच्या चरबीत तळलेला. दुसऱ्या कुणाच्या हातचा तिच्या घशाखाली कधी उतरला नाही. गुडघे गेले तेव्हा तिनं दुकान मुलाच्या, क्लिफर्डच्या हाती दिलं. त्याचं आजवर काहीच धड चाललं नव्हतं. आता हेही बुडालं तर पोराला उभं राहायला जागा नाही, हे ती जाणून होती.

क्लिफर्डनं पहिलं काय केलं, तर चरबी काढून तेल आणलं. शुक्रवारी दुकान उघडलं. रांग चर्चपर्यंत गेली, पण घेत कुणीच नव्हतं. सगळ्यांना आधी नोराचं तोंड बघायचं होतं.

“खा की नोरे!” म्हातारा कोळी आल्फ ओरडला. “तू जगलीस तर आम्ही खाऊ.”

“तुला पोचवल्याशिवाय मी कुठं जाते रे!”

तिनं कागद उलगडला आणि वास आला. विझलेल्या दिव्याचा यावा तसा. वरचं कवच ओल्या मोज्यासारखं मऊ. दाबलं तर तेल बोटांवर ओघळलं. घास घेतला, तर दाताखाली काहीतरी बुळबुळीत सरकलं. कातडी! कार्ट्यानं कातडीसकट तळला होता! टाळ्याला तेलाचा थर बसला. समोर क्लिफर्ड झारा धरून तिच्याकडे टक लावून उभा. तिनं डोळे मिटले आणि गिळलं.

आता, त्या गावात मासा चांगला झाला की माणसं म्हणतात, “वाईट नाही.” त्याच्या वर शब्दच नाही. नोरानंही जन्मात दुसरं काही म्हटलं नव्हतं. पण पोराच्या मायेनं तिची जीभ घसरली.

“फार छान!” ती म्हणाली. “अप्रतिम!”

आल्फनं टोपी काढली, मयताला काढावी तशी.

“इतका वाईट?”

“मेल्या, छान म्हणतेय ना मी!”

“तेच तर.” त्यानं टोपी पुन्हा चढवली. “घरी कालचं सूप आहे माझं.”

मागच्या बाईला चुलीवर काहीतरी राहिल्याचं आठवलं. तिच्या मागच्याला तेवढंही सांगावंसं वाटलं नाही. बघता बघता रस्ता मोकळा.

“आई, काय केलंस हे?”

“तुझी बाजू घेतली.”

“अगं, तेल तब्येतीला बरं असतं.”

“तब्येतीची काळजी असलेला माणूस या रांगेत उभा राहतो होय? आणि कातडी कशाला ठेवलीस?”

“सोलायला वेळ लागतो गं.”

“तू खाऊन बघितलास का?”

क्लिफर्ड झारा पुसायला लागला. सकाळपासून त्या वासानं त्यालाच मळमळत होतं. तिनं कागद पुढं सरकवला. त्यानं तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला, थांबला आणि धावत जाऊन बादलीत थुंकला. नोराला हायसं वाटलं. जीभ तरी आईची घेतली होती पोरानं.

“हे तेल कुठं ओतू?” तो तोंड पुसत म्हणाला.

“समुद्रात नको, माशांनी काय घोडं मारलंय आपलं? दाराला कडी घाल आधी. आणि ते स्टूल दे इकडं. बसून सोलते मी.”