एका भाकरीचं कौतुक आणि अकरा घरांचा अबोला

खरं सांगते, या वेळी मी फिरायला म्हणून निघालेच नव्हते. माफी मागायला निघाले होते.

जुन्या वाचकांना आठवत असेल, गेल्या हिवाळ्यात मी पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गावात राहून आले होते. तिथं अकरा घरांतल्या बायकांनी मिळून एक सहकारी संस्था काढली आहे. पाहुणा आला की शेताच्या पाण्याला असते तशी पाळी असते. ज्या घराची पाळी, तिथं तो उतरतो. मी शालनताईंकडे उतरले. अंगण लख्ख सारवलेलं, बाई हसतमुख, जेवण तर असं की विचारू नका. घरी येऊन मी लेखात भरभरून लिहिलं. ‘शालनताईंच्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली नसेल तर पाटणला जाऊन केलंत काय?’ वगैरे वगैरे. खाली शालनताईंचा मोबाईल नंबरही दिला. संस्थेबद्दल एक ओळ लिहिली, तीही जाता जाता.

लेख भलताच फिरला. मी आपली खूश. एका संस्थेला हातभार लावला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होते.

मग कडेगावच्या एका वाचकांचा फोन आला. म्हणाले, “बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही चौघं जाऊन आलो. जेवण झकास. पण गावात काहीतरी बिनसलंय. आमची गाडी बघून शेजारच्या बाईनं धाडकन दार लावून घेतलं.”

मी लगेच शालनताईंना फोन लावला. आधी नुसतं “काय न्हाई, काय न्हाई”. मग एकदम रडूच कोसळलं. लेख वाचून येणारा प्रत्येक जण थेट त्यांनाच फोन करत होता. त्या म्हणायच्या, संस्थेला विचारा. तर पलीकडून उत्तर यायचं, तुमचंच घर पाहिजे, नाहीतर राहू दे. पहिल्यांदा त्यांनी पाहुणे घेतले, मग घेतच गेल्या. दिवाळीची सगळी सुट्टी त्यांचं घर भरलेलं आणि बाकीची दहा घरं रिकामी. नळावर बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. “येत्या रविवारी मीटिंग हाय,” त्या म्हणाल्या. “संस्था ठेवायची का मोडायची, तेच ठरवायचं हाय.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जिचं भलं व्हावं म्हणून लिहिलं, तिच्याच मुळावर मी उठले होते. आमचे हे म्हणाले, “फोनवरच सॉरी म्हण की.” मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मुकाट्यानं माझी बॅग काढून दिली.

शनिवारी सकाळी सांगलीहून कराडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, ‘खर्च फार होतो’ ही सबब आता चालायची नाही. कराडला पाटणची गाडी डोळ्यांदेखत सुटली. एका शहाण्या माणसानं सांगितलं, सातारची गाडी घ्या, उंब्रजला उतरा, तिथनं मल्हारपेठवरून लगेच मिळतंय. मीही त्याच्याइतकीच शहाणी. उंब्रजच्या फाट्यावर तासभर उभी राहिले, दोन वेळा चहा प्याले, एक वडापाव खाल्ला (तो मात्र चांगला होता) आणि शेवटी पाटणला पोचले तेव्हा कराडहून सुटलेली पुढची थेट गाडी माझ्या आधी येऊन उभी होती. तेव्हा कराडलाच बसून राहा. स्टँडवर शेंगा मिळतात.

पाटणहून वर जायला वडाप, म्हणजे माणसं कोंबून भरल्याशिवाय न सुटणारी जीप. मी ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसले आणि गावात संस्थेच्या मीटिंगला चाललेय म्हणून सांगितलं. तो एकदम सावध झाला.

“कुठल्या पॅनेलचं तुमी?”

“पॅनेल नाही हो. बायकांची संस्था आहे, पाहुण्यांची.”

“व्हय, पण निशाणी काय?”

आमच्या सांगली-साताऱ्याकडं हे असंच. सहकार म्हटलं की लोकांना आधी निवडणूकच दिसते. त्याला पटवता पटवता तीन वळणं गेली. शेवटी म्हणाला, “म्हंजे भाकरीवाल्या बायकांची संस्था! मग तसं म्हणा की. माझी बहीण हाय त्यात.” आणि माझी बॅग टपावरून उतरवून थेट दारापर्यंत आणून दिली.

दार मात्र शालनताईंचं नव्हतं. संस्थेची सेक्रेटरी सुरेखा, तिशीतली, चटपटीत पोरगी, वाटेतच उभी होती. “बाई, नियम म्हंजे नियम. आता पाळी भागीरथीआत्यांची हाय.”

भागीरथीआत्या सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या. घर गावाच्या टोकाला, एक खोली आणि पडवी. संडास लांब, शेजाऱ्यांचा. पहिल्या दिवसापासून त्या सभासद, पण त्यांच्या घरी अजून एकही पाहुणा मुक्कामाला राहिला नव्हता. त्यांच्या पाळीला आलेले पाहुणे घर बघायचे आणि दुसरं मागायचे. मी आत गेले तेव्हा आत्या पडवीतली पोती हलवून माझ्यासाठी जागा करत होत्या. म्हणाल्या, “राहतायसा न्हवं?” दोनदा विचारलं त्यांनी.

दुपारी जेवायला बसले. पावट्याची आमटी पातळ आणि खारट. खोटं कशाला बोलू? मग भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि हात तिथंच थांबला. मऊ, पापुद्रा सुटलेली, कडेला किंचित करपलेली. हीच ती भाकरी. हिच्यावरच तर मी अख्खा परिच्छेद लिहिला होता.

“आत्या, मागच्या वेळी शालनताईंकडे अगदी अशीच...”

“मीच थापली हुती ती,” आत्या चुलीकडे बघत म्हणाल्या. “शालनला नाचणीची जमत न्हाई. मोडती तिची. तिची आमटी चांगली. दही सुरेखाच्या घरनं येतंय. तुमी पांघरली ती वाकळ पल्याडच्या घरची. समदं एकीला कुठं जमतंय, बाई?”

“मग आज शालनताईंची आमटी नाही?”

“बोलत न्हाईत न्हवं आमी.”

म्हणजे मोडलेली संस्था माझ्या ताटातच वाढलेली होती आणि मी मीठ जास्त म्हणून नाक मुरडत होते! विचारलं, “आत्या, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत मला?”

“तुमी इचारलं कुठं?”

एवढंच म्हणाल्या. रागानं नाही, सहज. मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना ‘प्रश्न विचारा, प्रश्न विचारा’ म्हणून डोकं खाल्लं. स्वतः मात्र यजमानीणबाईंचा फोटो काढला आणि निघून आले.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात मीटिंग. बायका आत बसलेल्या, पुरुष कडेनं उभे. शालनताई एका खांबाला टेकून एकट्याच. पहिल्यांदा तात्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ बोलले. गावातले जुने गवंडी. “पाव्हणा आला तर त्याला जेवाय घालायचं. त्याचं पैसं घ्यायचं, वर त्याला संस्था काढायची, हे मला आधीपासनंच पटलेलं न्हाई. आता भांडणं झाली. मोडून टाका.”

काही माना हलल्या. मी उठले. भाषण पाठ करून गेले होते, सहकाराचं महत्त्व वगैरे. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. म्हटलं, “चूक माझी आहे. मी अकरा घरचं जेवले आणि एका घराचं नाव घेतलं. तुम्ही संस्था मोडलीत तर ती माझ्यामुळं मोडली, हे जन्मभर डोक्यावर राहील माझ्या. मोडू नका.” आणि खाली बसले.

मग शालनताई उभ्या राहिल्या. “बाईंना ठावं नव्हतं. मला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “भाकरी आत्यांची. लेखात माझं नाव वाचलं आणि मला लय बरं वाटलं. आजवर कुणी माझं नाव कुठं छापलं नव्हतं. तवाच बोलाय पायजे हुतं. न्हाई बोलले.”

मला वाटलं, संपलं आता.

भागीरथीआत्यांनी बसल्या जागेवरून तोंड उघडलं. “बरं वाटलं तर वाटू दे की. त्यात काय चोरी न्हाई. पण पाव्हणं एकटीनं घेतलंस, ते वाईट केलंस.” मग म्हणाल्या, “आज दुपारची आमटी घिऊन ये. काल बाईंच्या पुढं माझी खारट झाली.”

पहिल्यांदा सुरेखा हसली, मग सगळ्याच. शालनताई हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. सुरेखानं हात वर करायला सांगितले. संस्था ठेवायची म्हणून अकराच्या अकरा हात वर गेले.

तात्यांचा चेहरा अजून आंबटच. म्हणाले, “पटलं न्हाई ते न्हाईच. पण शहरातली माणसं यायची असली तर भागीच्या घराला संडास पायजे. सामान संस्थेनं आणावं, काम मी करतो.” आणि मंडपातून चालते झाले. त्या दोन वाक्यांवर माझं अख्खं भाषण ओवाळून टाकावं.

दुपारी आत्यांच्या पडवीत शालनताईंची आमटी आली, सुरेखाचं दही आलं. ते जेवण मी कधी विसरणार नाही. निघताना मी म्हटलं, आता नवा लेख लिहिते, आत्यांचं नाव पहिल्याच ओळीत. आत्यांनी कानावर हात ठेवले. “आवं नगं! परत समदी माझ्याच दारात यायची.”

म्हणून या लेखातली सगळी नावं मी बदललेली आहेत आणि गावाचं नाव दिलेलं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी मला लिहा, संस्थेचा फोन कळवते. माणशी सात-आठशे रुपयांत मुक्काम आणि दोन वेळचं जेवण होतं. थंडीत जात असाल तर कानटोपी न्या. बिसलेरीचा खोका नेऊ नका, झऱ्याचं पाणी गोड आहे. कुठलं घर मिळेल हे विचारू नका. ज्याची पाळी असेल ते मिळेल. संडास लांब असला तर चालत जा. मी गेले, काही झालं नाही. आणि जेवताना विचारा, हे कुणी केलं?

सांगलीला परतल्यावर पहिल्यांदा जुना लेख उघडून दुरुस्त केला. तो मोबाईल नंबर काढला तर चार वाचक रागावले. रागावू देत. त्या अकरा जणींनी मला हाकलून द्यायला हवं होतं, त्यांनी जेवू घातलं. एवढे उपकार कुणी केले की माणूस कायमचा बांधला जातो.

परवा शालनताईंचा आवाजी मेसेज आला. आत्यांच्या घरी साताऱ्याचं एक कुटुंब दोन दिवस राहून गेलं. तात्यांचं बांधकाम अजून अर्धवट, तरी राहिले. “जेवताना त्यांनी इचारलं बघा, बाई,” शालनताई सांगत होत्या, “भाकरी कुणाच्या हातची म्हणून. मी आत्यांकडं बघितलं. तर आत्याच म्हणाल्या, संस्थेची.”