एका तासाच्या कांड्या

चौथीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा सोलापुरात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि शाळा सुटल्यावर माझ्याशी बोलणारं एकही माणूस नव्हतं. मी सांगोल्याकडची. घरची मेंढरं. ती दुष्काळाची वर्षं होती, त्यामुळे आईवडील कळप घेऊन चाऱ्यामागे कर्नाटकाच्या बाजूला उतरलेले. आज एका गावाच्या शिवारात, चार दिवसांनी दुसऱ्या. त्यांना पत्र टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर? महिना-दोन महिन्यांनी कुणा वाटसरूच्या तोंडी निरोप यायचा, ‘सगळी बरी हायती.’ तेवढंच.

आमची प्राथमिक शाळा विणकरांच्या वस्तीत होती. दिवसभर आजूबाजूच्या घरांतून मागांचा आवाज येत असे. मुलं घरी तेलुगू बोलत, शाळेत मराठी. मला तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता. शाळेच्या मागच्याच गल्लीत एका माडीवर माझी खोली होती. खाली घरमालक राहत, पण त्यांच्याशी बोलणं भाडं देण्यापुरतं.

पहिली चाचणी झाली आणि हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. माझ्या वर्गाचे पेपर टेबलावर पसरून ठेवले होते.

“बघा बाई,” ते म्हणाले. “जेवढं लिहिलंय तेवढं बरोबर आहे. पण पुढचं सगळं कोरं. पोरांना येत नाही असं नाही, त्यांना वेळ पुरत नाही. वेळ कसा वापरायचा ते शिकवा त्यांना.”

“ते कसं शिकवायचं, सर?”

“मला माहीत असतं तर मीच शिकवलं नसतं का इतकी वर्षं?” ते म्हणाले आणि पेपर माझ्या हातात दिले.

मुलांच्या घरी घड्याळ नव्हतं. गिरणीचा भोंगा हेच घड्याळ. एक मिनिट म्हणजे केवढं, हेच त्यांना ठाऊक नसणार, असं माझ्या मनात आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. “एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करा.” मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. दहा सेकंदांत पहिला हात वर. अर्ध्या मिनिटात जवळजवळ सगळा वर्ग. खिदळणं सुरू झालं. शेवटच्या रांगेत एक मुलगी मात्र तशीच बसून होती, डोळे मिटून, ओठ हलवत. काटा साठावर आला आणि तिचा हात वर गेला.

किडकिडीत पोर. वेण्यांना रिबिनीच्या जागी रंगीत सूत बांधलेलं. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“मोजलं की, बाई. राटाचे फेरे मोजते तसं.”

ती कांड्या भरत असे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी. चरख्यासारखा राट फिरवून लडीतलं सूत त्या नळीवर गुंडाळायचं. वस्तीत घरोघरी बायका आणि मुली हेच काम करत.

मग मी मुलांना आपला दिवस काढायला सांगितला. वहीत मोठं वर्तुळ काढायचं, त्याचे भाग पाडायचे आणि कुठल्या वेळी काय करतो ते लिहायचं. कसं करायचं ते कळावं म्हणून आधी फळ्यावर माझा दिवस काढला. उठणं, पाणी भरणं, स्वयंपाक, शाळा, वह्या तपासणं. झोपही लिहिली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, तिथं काय?” संध्याकाळी सहा ते नऊचा भाग पांढराच राहिला होता.

“वाचन,” मी म्हणाले आणि तसं लिहून टाकलं.

ते खरं नव्हतं. त्या वेळात मी तांदूळ निवडत असे. वाटीभर तांदूळ निवडायला तासभर लावत असे. खडे संपले तरी दाणे इकडून तिकडे करत बसे, कारण ताट बाजूला ठेवलं की पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

त्या मुलीचं वर्तुळ मी दोनदा पाहिलं. पाणी, कांड्या, भात, शाळा, कांड्या, भाऊ सांभाळणे, कांड्या, झोप. कुठेही मोकळी जागा नव्हती.

“अभ्यास कुठे आहे?”

“बसला नाही, बाई.”

“मग कांड्यांचा एक तास कमी कर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आपण लहान मुलाकडे पाहतो तसं. “माग थांबतो की,” ती हळूच म्हणाली.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. एकच खोली. अर्ध्या खोलीत हातमाग, खड्ड्यात पाय सोडून वडील विणत बसलेले. आई राटापाशी, मांडीवर लहानगा. मी मनात जुळवून नेलेलं सगळं बोलले, पोरगी हुशार आहे, रोज एक तास मोकळा द्या, परीक्षेत नाव काढेल. आईने हात न थांबवता ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर हाय, बाई,” ती म्हणाली. “पण मी एकटी किती भरू? ह्यांचा माग कांडी मागतो. पोरगी उठली तर कोण भरणार?”

“तो तास मी भरते,” मी म्हणाले.

कसं म्हणाले कोण जाणे. माग थांबला. वडिलांनी मान वळवून पाहिलं. आई पहिल्यांदा हसली.

“येतं तुमाला?”

“शिकवा.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की खोलीवर जाऊन चहा घ्यायचा आणि सहाला त्यांच्याकडे पोचायचं, असं सुरू झालं. मी मुलीच्या राटाशी बसे, ती दाराच्या उजेडात वही घेऊन. माझं सूत सारखं तुटायचं. आई उठून यायची, तुटलेली टोकं बोटांनी पिळून जोडायची, परत आपल्या राटाशी जायची. वडील तर माझ्याशी बोलतच नसत. तरी मला ती खोली आवडायला लागली. तिथे कुणी माझी चौकशी करत नव्हतं आणि माझ्यावाचून अडतही नव्हतं, पण मी आले की एक पाट सरकवला जाई.

दिवाळीच्या सुमाराला ती वर्गात पेंगायला लागली. दोनदा डोकं वहीवर टेकलं. मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं. ती वेणीचं सूत बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “पहाटे उठते, बाई.”

“कशाला?”

“तुमच्या कांड्या सैल होतात. धोट्यात अडकतात. विणताना नाना त्या बाजूला ठेवतात. त्या उलगडून परत भरते.”

मला तिच्याकडे पाहवेना. एक तास दिला म्हणून मी स्वतःवर खूश होते आणि तो तास ती रोज झोपेतून फेडत होती.

“मग सांगितलं का नाहीस? मी आले नसते.”

“म्हणूनच न्हाय सांगितलं,” ती म्हणाली. “तुमी येत होता की.”

त्या संध्याकाळी जावं की नाही, ठरत नव्हतं. शेवटी गेले आणि तिच्या आईला सरळ म्हणाले, “माझ्या कांड्या सैल होतात. मला नीट शिकवा.” आईने मुलीकडे रागाने पाहिलं, मग मला जवळ बसवलं. माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि सूत किती ताणायचं ते दाखवलं. माझ्या हातावर असा कुणाचा हात पडून किती दिवस झाले होते, ते मी त्या वेळी मोजत बसले नाही. नंतर खोलीवर आल्यावर मोजलं.

चार रविवार मी दिवसभर तिथे बसले. संक्रांत झाल्यावर एकदा वडिलांनी माझी कांडी धोट्यात घातली, ती न अडकता शेवटपर्यंत सुटली. “चालली,” ते म्हणाले. त्यांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

मुलगीही शिकत होती. सोपं आधी सोडवायचं, अडलं तर तिथे थांबून राहायचं नाही, पुढे जाऊन परत यायचं. हे मी सगळ्या वर्गाला सांगत होते, पण तिने ते आपल्या भाषेत करून घेतलं, वेळ कांड्यांत मोजून. “हे गणित दोन कांड्यांचं, बाई. हे एकाच कांडीचं.” हळूहळू वर्गातली बाकीची पोरंही तसंच बोलायला लागली. हेडमास्तर दारातून ऐकत उभे राहिले होते एकदा.

वार्षिक परीक्षेत तिने पेपर पुरा केला आणि घंटा होईपर्यंत हाताची घडी घालून बसली. वर्गात दुसरी आली. निकाल सांगायला मी घरी गेले तेव्हा आईने मला जेवायला थांबवलं. वाढताना विचारलं, “तुमचं घरी कोण असतं?” मी सांगितलं. तिने ऐकलं आणि न विचारता आणखी भात वाढला.

सुट्टीत मी गावाकडे गेले. आईवडिलांचा कळप शोधण्यात आठ दिवस गेले. भेटल्यावर जून लागेपर्यंत त्यांच्याबरोबरच राहिले, पालात. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सोलापुरात उतरले, सामान खोलीवर टाकलं आणि सहाच्या सुमाराला सरळ त्यांच्या घरी गेले. माग नव्हता. खड्डा मातीने बुजवलेला. एक अनोळखी बाई चूल सारवत होती.

“ते गेले की भिवंडीला,” ती म्हणाली. “तिकडं यंत्रमागावर काम हाय.”

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना विचारलं. ते रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, “हो, बाप येऊन दाखला घेऊन गेला. मे महिन्यात. पोरगी बाहेर पायरीवर उभी होती. तुम्ही कधी येणार म्हणून विचारलं तिनं.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“सांगितलं, जूनमध्ये. तर म्हणते, जून किती लांब आहे? मी म्हटलं, तीन आठवडे.”

“मग?”

“मग काही नाही. बाप हाक मारत होता. गेली ती.”

घंटा झाली. मी हजेरीपट घेतला आणि नव्या चौथीच्या वर्गावर गेले.