पावसानं दिलेला एक दिवस

शिवकन्याच्या नशिबात सुट्टी कधी नव्हतीच. बाहत्तरच्या दुष्काळात आई-बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, तेव्हा ही एवढीशी पोर तान्ह्या भावाला, गहिनीनाथला, कडेवर मारून लिंबाखाली बसायची. दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच. भाऊ शिकला, केजला कचेरीत शिपाई झाला. बहिणीचं लग्न धोंडीरामशी लागलं आणि हातात कोयता आला. रान होतं, पण पाण्यावाचून रान काय चाटायचं? दिवाळी सरली की भांडीकुंडी, लेकरं, सगळा संसार बैलगाडीत घालायचा आणि ऊस तोडायला निघायचं.

यंदाचा कारखाना जिल्ह्यातलाच, आणि सहकारी. गाळप सुरू झालं त्या दिवशी चेअरमन माळा गळ्यात घालून म्हणाले, "हा कारखाना तुमचा हाय." वा रे तुमचा! मालकीणबाईंची राहायची कोपी उसाच्या पाचटाची, तीत शिरायचं तर कंबरेत वाकून. आणि तोडकऱ्यांच्या लेकरांसाठी शाळा म्हणून जी खोली दाखवली, तिच्यात सिमेंटची पोती रचलेली.

शिवकन्याची थोरली तारा नऊ वर्षांची. तिसरीतून उठवून आणलेली. पोर अशी हुशार, की कोळसा घावला की गाडीच्या फळीवर पाढे लिहीत बसायची. गहिनीनाथनं निरोप धाडला होता, "अक्का, तारीला माझ्याकडं ठेव, शाळेत घालतो. पण धाकट्याला न्हाई आणायचं. घरी बायको ऐकायची न्हाई." शुक्रवारी तो न्यायला येणार होता.

धाकटा म्हणजे सटवा, दीड वर्षांचा. त्याला उसाच्या फडात झोळी बांधून ठेवू, असं शिवकन्यानं ठरवलं आणि गुरुवारी नेऊनही पाहिलं. ताईशिवाय पोरगं रडून रडून निळं पडलं. मुकादम खेकसला, "हे गळं काढणं बंद करा न्हाईतर कोयता बंद करा!" शेवटी धोंडीराम त्याला कोपीवर नेऊन तारीच्या कडेवर देऊन आला, तेव्हा कुठं ते गप झालं. तारी गेली तर सटवा शिवकन्याकडं राहायला हवा. न्हाई राहिला तर तारीचं जाणं बोंबललं.

शुक्रवारी उजाडायच्या आधीच पाऊस लागला. अवकाळी. काळ्या रानात गाडीची चाकं रुतली, मुकादमानं काम थांबवलं. सगळे पावसाला शिव्या घालत होते. शिवकन्या तेवढी मनातल्या मनात हरखली. आख्खा दिवस! लेकराची आणि आपली आज गट्टी जमवायचीच.

तिनं तारीला न्हाऊ घातलं, तेल लावून दोन वेण्या घातल्या, पिशवी भरून दिली. म्हणाली, "आता मामा येईपर्यंत शेजारच्या छबुबाईच्या कोपीत बस. ह्यानं रडून आकाशपाताळ एक केलं तरी यायचं न्हाई."

"त्याला भाकर दुधात चुरून लागती," तारी दारातून म्हणाली. "आन् गरम न्हाई द्यायची."

"मला शिकवतीस व्हय गं?" शिवकन्या हसली.

मग सुरू झालं. कोपी चार ठिकाणी गळत होती, पाचटाचा वास सुटला होता, धोंडीराम बैलांना आडोसा करायला गेलेला. शिवकन्यानं गूळ दिला, सटवानं थुंकला. ताट वाजवलं, ओव्या म्हटल्या, माकडासारख्या उड्याही मारल्या. पोरगं दाराकडं हात करून एकच घोकत होतं, "ताई, ताई." अहो, रोजचंच होतं हे! आई अंधारात निघायची, अंधारात यायची. झोपेत ते तिचं दूध प्यायचं, पण उजेडात तिचं तोंड त्यानं पाहिलं कधी होतं? शेवटी तिचंही डोकं फिरलं. पाठीत एक धपाटा बसला. पोरगं किंचाळलं आणि शिवकन्याच रडायला लागली.

तेवढ्यात तिला युक्ती सुचली. तारीची जुनी ओढणी दोरीवर होती. ती तिनं डोक्यावरून घेतली, पुढं ओढली, आणि काही न बोलता सटवाला उचललं. सटवानं ओढणीत नाक खुपसलं. हुंदके देत देत मांडीवर झोपला. शिवकन्याला काय वाटलं म्हणून सांगू! पाय बधिर झाला तरी ती हलली नाही. जमलं गं बाई, जमलं, असं स्वतःलाच सांगत राहिली.

दुपार कलताना गहिनीनाथ आला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. "अक्का, आवर. शेवटची जीप गाठायची हाय."

"हळू बोल," शिवकन्या म्हणाली. "बघ, कसा झोपलाय माझ्यापाशी."

सटवा जागा झाला. ओढणी खांद्यावर घसरलेली होती. त्यानं वर बघितलं, आणि परक्या बाईनं उचलून नेलं असावं तसा ओरडला. हात सोडवून कोपीबाहेर पळाला, दोन पावलांवर चिखलात तोंडघशी पडला. शिवकन्या उठायला गेली, पण बधिर पायानं दगा दिला.

तारीनं एवढा वेळ आईचं ऐकलं होतं. आता ती पिशवी टाकून छबुबाईच्या कोपीतून धावली. चिखलानं भरलेलं पोर तिनं धुतल्या झग्यावर घेतलं, ओंजळीत पाऊस धरून त्याचं तोंड पुसलं. सटवा तिच्या मानेला मिठी मारून गप झाला. लगेच गप झाला, हो!

"चल बेटा," गहिनीनाथ म्हणाला. "दे त्याला आईकडं. रडंल दोन दिवस, होईल सवय."

तारी हलली नाही. सटवाची पाठ चाचपत होती. धपाट्याची बोटं उमटली होती तिथं तिचा हात थांबला.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "तुमी जावा. मी गेल्यावर ह्याला कोण संभाळंल? आईला कुठं येतंय लेकरू संभाळाया."

जीप चुकेल म्हणून गहिनीनाथ निघाला. तारी सटवाला कडेवर मारून कोपीत शिरली, आईच्या शेजारून वाकून पलीकडं गेली आणि दुधात भाकर चुरायला बसली.